लिहिले कोणी, ग्रंथ कोणाचा?

'गीता प्रवचने' हे पुस्तक कोणी लिहिले, असे विचारले तर कुणीही चटकन 'विनोबांनी' असे सांगेल. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतील. तरीही घडले ते वेगळेच होते. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनायक नरहरी भावे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. जमनालाल बजाज यांच्यासारखे सत्याग्रही तिथे सोबत होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, असे करत १९ जूनच्या रविवारी अठरावा अध्याय संपला. अठरा रविवारांत अठरा अध्याय. विनोबा बोलत होते, आणि त्यांच्या तोंडून निघालेले शब्द कागदावर उतरवत होते पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी.

म्हणजे लेखणी गुरुजींच्या हातात होती आणि पुस्तक मात्र विनोबांचे आहे. यात कुणावर अन्याय झालेला नाही, कुणी कुणाचे श्रेय लाटलेले नाही. विचार विनोबांचा, मांडणी विनोबांची, दृष्टान्त विनोबांचे. पुढे त्या मजकुराला मान्यता दिली तीही त्यांनीच. इंग्रजीत हे दोन वाक्यांत सांगता येते: विनोबा या पुस्तकाचे ऑथर, आणि दर रविवारी तिथे बसून लिहिणारे रायटर साने गुरुजी. मराठीत मात्र दोघांनाही 'लेखक' म्हणावे लागते आणि मग घोळ सुरू होतो.

इंग्रजी शिकणारी मुले हे दोन शब्द एकच समजतात. शब्दकोशातही बहुधा दोन्हींसमोर 'लेखक' छापलेले असते. पण दोघांची कुळे वेगळी आहेत. रायटर हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आला त्याचा अर्थ होता ओरखडणे, कोरणे. आपल्या 'लिख्' धातूचाही मूळ अर्थ तोच, खरवडणे, रेघ ओढणे. दगडावर, लाकडावर, ताडपत्रावर टोकदार वस्तूने खूण उमटवणारा तो रायटर आणि तोच लेखक. दोन्ही शब्दांत हात आहे, श्रम आहे. ऑथर मात्र लॅटिनमधून, फ्रेंचच्या वाटेने आला. त्याच्या मुळाशी 'वाढवणे, उत्पन्न करणे' हा अर्थ आहे. ज्याच्यापासून एखादी गोष्ट निघाली आणि जो तिच्यासाठी जबाबदार आहे, तो ऑथर. अधिकार या अर्थाचा ऑथॉरिटी हा इंग्रजी शब्दही त्याच घरातला. म्हणून इंग्रजीत एखाद्या योजनेचा, कायद्याचा, अगदी एखाद्याच्या सर्वनाशाचाही ऑथर असू शकतो. त्यासाठी त्याने कागदाला हात लावलेला असण्याची गरज नसते.

आजच्या व्यवहारात फरक असा पडतो की रायटर हे धंद्याचे नाव झाले आहे आणि ऑथर हे एखाद्या विशिष्ट कृतीशी असलेल्या नात्याचे. वर्तमानपत्रात तीस वर्षे स्तंभ लिहिणारा, मालिकांचे संवाद लिहिणारा, जाहिराती लिहिणारा हे सगळे रायटर. त्यांच्या नावावर एकही पुस्तक नसेल तर त्यांना ऑथर सहसा कुणी म्हणत नाही. उलट एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याचे आयुष्यातले एकमेव पुस्तक निघाले की तो त्या पुस्तकाचा ऑथर होतो. त्याला कुणी रायटर म्हणेलच असे नाही. विज्ञानात तर हे टोकाला गेले आहे. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाला ५,१५४ ऑथर होते. निबंध ३३ पानांचा, त्यातली २४ पाने नावांची आणि त्यांच्या संस्थांची. त्या पाच हजारांतल्या बहुतेकांनी निबंधातली एक ओळही स्वतः लिहिली नसणार. पण यंत्र उभारणे, मोजमाप घेणे, आकडे तपासणे यांत त्यांचा वाटा होता आणि निष्कर्षाची जबाबदारी त्यांनी घेतली होती. म्हणून ते ऑथर.

रायटर हा शब्द आपल्याकडे मोठ्या मानाने आला नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतली सगळ्यात खालची पायरी म्हणजे रायटर. रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ साली मद्रासला आला तो याच हुद्द्यावर. कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगचे नावही त्या कारकुनांवरून पडले. कंपनी गेली, पण मराठी माणसाच्या तोंडी तो अर्थ आजही जसाच्या तसा आहे. पोलीस ठाण्यात तपास अधिकाऱ्याची कागदपत्रे तयार करणाऱ्या हवालदाराला 'साहेबांचे रायटर' म्हणतात. दहावीच्या परीक्षेला अंध मुलाला किंवा हात मोडलेल्या मुलीला मिळतो तोही रायटर. मंडळाच्या भाषेत लेखनिक.

या परीक्षेतल्या रायटरकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. तो साधारणपणे खालच्या इयत्तेतला असतो. शेजारी बसलेला परीक्षार्थी सांगतो आणि तो उतरवतो. सांगितलेले उत्तर चुकीचे आहे हे त्याला एखाद वेळी कळतही असेल, पण ते तसेच लिहायचे, आपल्या पदरचे काही घालायचे नाही, ही त्याची शिस्त. उत्तरपत्रिकेतले प्रत्येक अक्षर त्याच्या वळणाचे असते, आणि गुण मिळतात ते सांगणाऱ्याला. अक्षर सुवाच्य आले म्हणून कुणी रायटरला शाबासकी देत नाही आणि उत्तर चुकले म्हणून त्याला दोषही देत नाही. ऑथर आणि रायटर यांच्यातली सीमारेषा इतकी स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल.

मग मराठीत ही सीमारेषा कधीच नव्हती का? होती, आणि फार नेमकी होती. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, असा काळ नोंदलेला आहे. तिथेच टीका ज्ञानेश्वरांनी केली असे म्हटले आहे आणि सच्चिदानंदबाबांचा उल्लेख लेखक म्हणून आला आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या मराठीत 'लेखक' म्हणजे लिहून घेणारा. ज्ञानेश्वरांना लेखक म्हणावे हे त्या काळी कुणाच्या मनातही आले नसते. त्यांच्यासाठी कवी, टीकाकार, ग्रंथकर्ता असे शब्द होते. लिहून घेणाऱ्याचे नाव मात्र ग्रंथातच, मानाने, कायमचे नोंदले गेले. मला या नोंदीतला हा आदर फार मोलाचा वाटतो. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात कुणी आपली ओवी घुसवू नये असे बजावले. कर्ता, लेखक आणि शुद्ध करणारा, तिघांची कामे तिघांच्या नावावर.

पेणपासून रायगड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महाड तालुक्यात, शिवथरघळ आहे. परंपरा सांगते की दासबोध इथे सिद्ध झाला: समर्थ रामदास सांगत होते आणि कल्याणस्वामी लिहीत होते. घळीत दोघांच्या मूर्ती त्याच स्थितीत बसवल्या आहेत. एक सांगताना, दुसरा पुढ्यात लिहिताना. ग्रंथनिर्मितीचे स्मारक म्हणून दोन माणसे शेजारी बसवावीत, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला या कामाचे मर्म ठाऊक होते.

एकोणिसाव्या शतकातही शब्द अजून वेगळे होते. मे १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात जी पहिली सभा भरली, जिला आज आपण पहिले साहित्य संमेलन मानतो, ती ग्रंथकारांची सभा होती. १८८५ साली जोतीराव फुल्यांनी ज्या सभेचे निमंत्रण नाकारले तीही ग्रंथकारांचीच. त्यानंतर छापखाना घरोघरच्या वाचनात शिरला, मासिके वाढली, ग्रंथ न लिहिता निबंध आणि गोष्टी लिहिणारी माणसे वाढली, तसा 'ग्रंथकार' मागे पडून 'लेखक' पुढे आला. हाताचे काम करणाऱ्याचे नाव अशा रीतीने कर्त्याला मिळाले आणि हाताचे काम करणारा बिननावाचा झाला. त्याच्यासाठी 'लेखनिक' हा शब्द उरला, तोही परीक्षेच्या वर्गात आणि कचेरीत.

कचेरीवरून आठवले, जुना भेद अजून जिवंत पाहायचा असेल तर पेण किंवा रोह्यातले कुठलेही जुने खरेदीखत उघडावे. पहिल्याच पानावर दोन पक्ष असतात: 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. लिहून देणार म्हणजे जमीन विकणारा. त्याला कदाचित अक्षरओळखही नसते, दस्ताच्या शेवटी तो डाव्या हाताचा अंगठा उमटवतो. तरी कायद्याच्या दृष्टीने तो लिहून देणारा आहे, कारण शब्द त्याचा आहे आणि त्या शब्दाने तो बांधला जातो. लिहून घेणार म्हणजे विकत घेणारा; तोही काही लिहीत नाही. प्रत्यक्ष मजकूर लिहिला तो तिसऱ्याच माणसाने, दस्तलेखकाने, आणि त्याची सही वेगळ्या ठिकाणी. जुन्या कागदांत त्याच्या नावामागे 'बिकलम' असे येई, म्हणजे अमक्याच्या लेखणीने. पेशवाईतल्या कागदांवर तर गावचा पाटील नावाऐवजी नांगराची निशाणी करी. लिहिणारा कुलकर्णी आणि बांधला जाणारा पाटील. इंग्रजी कोशांत ऑथर शब्दाखाली जी व्याख्या सापडते, तिच्यापेक्षा 'लिहून देणार' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

शब्दाने बांधले जाण्याचा हा अर्थ रोह्याच्या एका माणसाच्या सहीत दिसतो. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ साली रायगडाजवळच्या नाते गावी झाला आणि बालपण रोह्यात गेले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नोटांवर त्यांची सही छापली जाऊ लागली. नोटेवर एक वचन असते, धारकाला अमुक रुपये देण्याचे. त्या वचनाचा मसुदा त्यांनी तयार केलेला नव्हता, अक्षरे कोरली ती छापखान्यातल्या कारागिरांनी. पण खाली सही त्यांची, म्हणून वचन त्यांच्या पदाचे. याच चिंतामणरावांनी कालिदासाचे मेघदूत मराठी पद्यात आणले आणि १९७४ साली 'द कोर्स ऑफ माय लाइफ' हे आत्मचरित्र इंग्रजीत लिहिले. तिथे हात आणि शब्द दोन्ही त्यांचेच.

रोह्याचेच पांडुरंगशास्त्री आठवले यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात जन्मलेले शास्त्रीजी जन्मभर बोलत राहिले. मुंबईच्या माधवबागेतल्या पाठशाळेतून त्यांची प्रवचने सुरू झाली आणि स्वाध्याय परिवार उभा राहिला. १९९६ साली मॅगसेसे पुरस्कार आणि १९९७ साली टेम्पलटन पुरस्कार मिळाले ते त्या कार्यासाठी. त्यांच्या नावावरची पुस्तके मुख्यतः प्रवचनांतून उतरलेली आहेत. कुणीतरी ऐकले, टिपले, नीटनेटके केले, मग ते छापले गेले. ती माणसे कोण होती हे वाचकाला सहसा ठाऊक नसते, आणि त्यांनी तशी अपेक्षाही ठेवली नाही. श्रद्धेने केलेले काम बिननावाचे राहावे हा त्यांचा भाव मी समजू शकतो. अभ्यासकाला मात्र ते नाव हवे असते. कारण बोलणे आणि लिहिणे यांत मोठे अंतर आहे.

बोलताना माणूस एक वाक्य अर्धे सोडतो, हाताने खूण करतो, आवाज खाली आणतो, समोरच्याच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला तर मागे वळतो. यातले काय कागदावर यावे, कुठे पूर्णविराम द्यावा, कुठे परिच्छेद तोडावा, हे सगळे लिहून घेणारा ठरवतो. धुळ्यात ध्वनिमुद्रण नव्हते. आज 'गीता प्रवचने' वाचताना वाक्ये जी झुळझुळ वाहतात त्यात विनोबांची तर्कशुद्ध चाल आहेच. पण ती पकडू शकणारा कान आणि पेलू शकणारा हात साने गुरुजींचा होता. पुढच्याच वर्षी, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात याच हाताने 'श्यामची आई' लिहिली. तिथे गुरुजी ऑथरही होते आणि रायटरही. विनोबांनीही 'गीताई' स्वतः लिहिली होती, ऑक्टोबर १९३० ते फेब्रुवारी १९३१ या काळात, आईच्या इच्छेखातर. वर्ध्याजवळ गोपुरीला ती शिलांवर कोरलेली आहे. ज्यांनी ती कोरली ते कारागीर रायटर या शब्दाच्या सगळ्यात जुन्या अर्थाने रायटर.

लिहून घेणाऱ्याचा वाटा किती, यावर इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनासमोर खटला चालला होता. लॉर्ड रोझबरी या माजी पंतप्रधानांची भाषणे 'टाइम्स'च्या वार्ताहरांनी लघुलिपीत टिपून, सुधारून छापली. जॉन लेन नावाच्या प्रकाशकाने तीच भाषणे त्या वर्तमानपत्रातून उचलून पुस्तक काढले. भाषण रोझबरींचे, त्यांची काही तक्रार नव्हती. मग टाइम्सने हक्क कशाच्या जोरावर सांगावा? १९०० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की भाषणाच्या वृत्तान्ताचे ऑथर वार्ताहरच आहेत. बोललेले शब्द हवेत होते, त्यांना कायम रूप देण्यात कौशल्य आणि कष्ट लागले, ते वार्ताहरांचे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने आज वेगळी बाजू घेतली आहे. जाहीर भाषणाचा पहिला हक्क बोलणाऱ्याचा असे त्यात म्हटले आहे. संगणकाने तयार झालेल्या कृतीबद्दलही त्यात तरतूद आहे: ती तयार व्हायला जो कारण झाला तो ऑथर. म्हणजे कायद्यालाही हात कुणाचा यापेक्षा कारण कोण हे महत्त्वाचे वाटते.

पण कारण कोण हेही दर वेळी सरळ नसते. छत्रपती शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक गोष्ट सांगतात. महाराजांनी दिवसा एक पत्र लिहायला सांगितले. कामाच्या रगाड्यात ते राहून गेले. रात्री महाराजांनी विचारले तेव्हा बाळाजींनी कोरा कागद डोळ्यांसमोर धरला आणि सगळे पत्र घडाघडा वाचून दाखवले. आशय, मायना, शेवट, सगळे जागच्या जागी. महाराजांनी मान्यता दिली, मग खरा प्रकार उघड झाला. गोष्ट ऐकीव असेल, पण लोकांनी ती तीनशे वर्षे जपली आहे. त्या पत्राचा शब्द न् शब्द बाळाजींनी रचला होता. तरी शिक्का पडला की ते पत्र महाराजांचे, आणि त्याचे बरेवाईट परिणामही महाराजांचे.

कामाची अशी वाटणी पेणमध्येही दिसते. पेण म्हटले की आधी गणपती आठवतात. हमरापूर, जोहे या गावांपर्यंत पसरलेल्या कारखान्यांत एक मूळ मूर्ती घडवतो, दुसरा साच्यातून काढतो, तिसरा रंगवतो, आणि डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळाच असतो. मूर्ती विकली जाते ती कारखान्याच्या नावाने, पण आखणी बिघडली तर मूर्तीत जीव येत नाही हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळते. लिहून घेणाऱ्याचे काम या आखणीच्या जातीचे आहे. आणि हा गणपती स्वतः लेखनिक होता. व्यासांनी महाभारत सांगावे आणि गणेशाने लिहावे, अशी कथा. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ती मूळ संहितेत धरली नाही, नंतरची भर मानून परिशिष्टात घातली. कथा नंतरची असली तरी शहाणी आहे. गणेशाने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय एकही अक्षर लिहायचे नाही. गणेश अडावा म्हणून व्यास मधूनमधून कूट श्लोक टाकत, आणि तेवढ्या वेळात पुढचे रचत.

व्यासांच्या या अटीत मला जे म्हणायचे आहे ते सगळे आले. समजून लिहिणारा आणि नुसता उतरवणारा हे दोन वेगळे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या कर्त्या होत्या, हाताने लिहिण्याच्या अर्थाने लेखिका कधीच नव्हत्या. घरातल्या मुलांनी त्यांची गाणी टिपून ठेवली, मुलगा सोपानदेव स्वतः कवी असल्याने त्यांचे मोल त्याला कळले, आणि बहिणाबाई गेल्यावर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. टिपणाऱ्याला अर्थ कळला नसता तर ती गाणी शेताच्या बांधावरच विरली असती.

मराठी मासिकांनी या कामासाठी एक चांगला शब्द रुजवला आहे: शब्दांकन. दिवाळी अंकातल्या आठवणींच्या लेखाखाली तो बारीक अक्षरात येतो. अभिनेत्री हंसा वाडकर यांनी आपले आयुष्य अरुण साधूंना सांगितले, साधूंनी ते शब्दांत बांधले, आणि १९७० साली 'सांगत्ये ऐका' हे पुस्तक आले. नावातच बोलणे आहे. त्यातला सूर वाडकरांचा आहे, मांडणीमागचा संयम साधूंचा, आणि दोन्ही ठाऊक असल्याने वाचकाचे काहीच बिघडत नाही. उलट तो अधिक जाणतेपणाने वाचतो.

आता पेण-रोह्याकडे घराघरांत आजी-आजोबांच्या आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित होतात. खारेपाटातली शेती, मिठागरे, कुंडलिका नदीचे पूर, यांच्या आठवणी सांगणारी पिढी ऐंशी-नव्वदीत आहे. नातवंडे त्या टंकून घेतात, पंचाहत्तरीला किंवा सहस्रचंद्रदर्शनाला छोटी पुस्तिका काढतात. अशा पुस्तिकेवर 'लेखक' हा एकच शब्द छापू नये, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पहिल्या पानावर दोन ओळी द्याव्यात: 'सांगितले अमुक यांनी', 'लिहून घेतले अमुक यांनी', आणि खाली गाव व साल. सांगताना आजीने वापरलेला आगरी शब्द बदलला असेल तर तेही लिहावे. मूळ ध्वनिमुद्रण पुसू नये. पुस्तिकेत ते कुणाकडे आहे त्याची नोंद करावी.